माइकवाल्याचं होम थिएटर

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. कपाटात २०१९ ची डायरी सापडली, तिच्यात ४ जानेवारीपर्यंतच मजकूर आहे. तेव्हा दिंडोरीच्या तहसीलमध्ये क्लार्क होतो, कामाचा व्याप होता. आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. सबब चालणार नाही.

विषय टीव्हीचा. सुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लेकीने, स्नेहाने, पुण्याहून ऑनलाइन मागवून आमच्या बेडरूममध्ये त्रेचाळीस इंची टीव्ही लावून दिला. आईला हॉलमध्ये बसवत नाही म्हणून. चित्र ठीक आहे. आवाजाची मात्र शिसारी येते. जुन्या टीव्हीचे स्पीकर पुढे असायचे. या चपट्याचे मागे आहेत. म्हणजे नटी बोलते ती भिंतीशी, आणि आम्ही समोर मूर्खासारखे बसलेलो. त्यात हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. व्हॉल्यूम बेचाळीसवर ठेवला तरी कोण कोणाला काय म्हणालं कळत नाही. नुसतं म्युझिक धबाधबा.

परिणाम असा की सुला रोज साडेसातची सिरियल बघायला वॉकर टेकत पॅसेजच्या पलीकडे यशोदाबाईंकडे जाते. ऑपरेशनला दीड महिना झालेली बाई स्वतःचा कोरा टीव्ही सोडून शेजारणीच्या जुन्या बत्तीस इंचीसमोर जाऊन बसते. संध्याकाळी घरात मी आणि पंखा. मला हे अजिबात आवडत नाही.

निश्चय: होम थिएटर घ्यायचं. चौदा एप्रिलच्या आत सुला संध्याकाळी आपल्या बेडरूममध्ये, आपल्या टीव्हीसमोर, माझ्या शेजारी बसलेली पाहिजे. दुसरा निश्चय: दिवसाला दोनच चहा.

आवाजाच्या बाबतीत मला कोणी शेंडी लावू शकत नाही. सदतीस वर्षं आमच्या संबोधी कॉलनीच्या विहाराचा माइक माझ्याकडे आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते. जयंती, लग्न, शोकसभा, सावळीराम दोंदेशिवाय आवाज नाही. सदतीस वर्षं बॉक्सला खेटून उभा राहिलो तेव्हा असा कान तयार झाला.

(चहा तिसरा. पहिला दिवस असल्याने धरायचा नाही.)

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३.

यूट्यूबवर अभ्यास केला. सगळे रिव्ह्यूवाले पोरगे सारखेच. हातवारे करतात, मागे म्युझिक लावतात, आणि बोलतात ते गालात सुपारी धरल्यासारखं. तरी कळलं ते असं. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबडी पट्टी. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि एक धबधब करणारा डबा, त्याला सबवूफर म्हणतात. आपल्याला पट्टी नको. पट्टी हा काय स्पीकर आहे?

स्नेहाचा फोन आला होता. ती बहुतेक साउंडबारच घ्या म्हणाली. मोबाइलचा स्पीकरही कंडम झालाय, नीट ऐकू आलं नाही. मी हो हो म्हणून फोन सुलाकडे दिला. मायलेकी चाळीस मिनिटं बोलल्या. एवढं काय असतं बोलायला? कारण घरात सुला एकदम शांत झाली आहे. पूर्वी कटकट असायची, हे आणा, ते ऐकलं का, मी काय सांगत होते. आता नाही. गंमत म्हणून आज मोजलं. सकाळपासून सुलाची वाक्यं: पाच. गुडघ्याच्या गोळ्यांचा चांगला परिणाम दिसतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.

कॉलेज रोडचं शोरूम. आत शिरल्याबरोबर एसी, आणि गोडूस वासाचा फवारा. नाकाला रुमाल लावला. राखी नावाची मुलगी सेल्सला होती. नम्र, पण तीही पुटपुटणारी. यांना ट्रेनिंगमध्ये तोंड उघडायला शिकवत नाहीत का?

मी तिला सांगितलं, तुमचा डेमो मला नको, तो तुम्ही मुद्दाम चांगला बनवलेला असतो. मी माझा आवाज घेऊन आलोय. असं म्हणून पेन ड्राइव्ह दिला. त्यात १४ एप्रिल १९९९ चं माझं निवेदन आहे. आयुष्यातलं सर्वोत्तम. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, इथपासून प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतापर्यंत पूर्ण तीन मिनिटं. पुतण्या सनीने कॅसेटवरून उतरवून दिलं. सनी म्हणाला होता, काका, शेवटपर्यंत ऐका, पुढे गंमत आहे. पुढे काय असणार? मी माइक ठेवला, टेप तशीच चालू राहिली. मंडपातली कुजबुज. गेली पंचवीस वर्षं मी ती माझा आवाज संपला की बंद करतो.

राखीने बंद केलं नाही. माझं निवेदन संपल्यावर तिने कान देऊन ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. शेजारचं एक गिऱ्हाईक खदखदून हसलं. मग राखीने माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. पंचवीस वर्षांनंतरही माझ्या आवाजाची ही जादू.

सिस्टिम मात्र टाकाऊ. बारीक आवाज येतच नाहीत. तिला म्हणालो, बाई, यातला ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर, मेलाय. ती म्हणाली, काका, चालू आहे. मी म्हणालो, सदतीस वर्षं. तिने पेन ड्राइव्ह काढून परत दिला.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.

विहारात वंदना. माइक उत्तम लावला होता. मध्येच समोरच्या सगळ्या लोकांनी एकाच वेळी कानांवर हात ठेवले. काही नवीन व्यायाम असावा. पगारे सर, आमच्या कमिटीचे अध्यक्ष, पळत आले आणि त्यांनी बटण पिरगळलं. म्हणे माइक शिट्टी मारतोय. मी माइकच्या दोन फुटांवर उभा होतो. कसली शिट्टी? मला तर काही नाही. पगारे सर हेडमास्तर होते, आयुष्यभर पोरांच्या शिट्ट्या ऐकून डोक्यात बसल्या असणार.

सुलाची वाक्यं: चार. त्यातलं एक दूधवाल्याला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ४.

एम.जी. रोडचं दुकान. जिना अरुंद, पानाच्या पिचकाऱ्या, मालक मोबाइलवर रील बघत बसलेला. किळस आली, पण माल चांगला दिसला. पेन ड्राइव्ह लावला. इथेही तेच. निवेदन संपल्यावर मालक हसला, त्याचा मुनीम हसला, मग दोघेही जरा चोरट्यासारखे माझ्याकडे बघू लागले. मालकाने मला चहा पाजला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दादा, घरोघरी असंच असतं. काय असतं ते मी विचारलं नाही. कलावंताने फार खोलात शिरू नये.

फाइव्ह पॉइंट वन ठरवलं. पाच स्पीकर, एक डबा. शनिवारी यादव नावाचा माणूस येऊन बसवून देईल.

घरी सांगितलं. सुलाने मान हलवली. मला वाटतं आनंदाने.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.

यादव आला. चाळिशीचा, सिडकोतला, शांत माणूस. त्याने बेडरूम बघितली आणि बराच वेळ नुसता दारात उभा राहिला. खोली दहा बाय दहा. त्यात डबल बेड, लोखंडी कपाट, सुलाचा वॉकर, तिची खुर्ची. म्हणाला, काका, एवढ्या खोलीला फाइव्ह पॉइंट वन म्हणजे जास्तच होतंय, मागचे स्पीकर तुमच्या डोक्यावरच येतील. मी म्हणालो, तू बसव.

दोन स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूला. एक मधला, टीव्हीखाली. मागचा एक कपाटावर ट्रंकेच्या पुढे, दुसरा खिडकीत तुळशीची कुंडी काढून तिच्या जागी. डब्याला जागा उरली नाही, तो पलंगाखाली गेला. सुलाच्या बाजूला. वायरी जमिनीवरून. सुलाचा वॉकर दोनदा अडकला. यादवने खिळे मारून त्या भिंतीला सरकवल्या.

मग त्याने टेस्टचा आवाज लावला. जाड आवाज आला, मधला आला, आणि मग काहीच नाही. मी ताबडतोब म्हणालो, ट्वीटर मेलाय! बघ, इथेही मेलाय! त्याच वेळी सुलाने पलंगावर दोन्ही कानांवर हात ठेवले होते. यादवने सुलाकडे बघितलं. सुलाने यादवकडे बघितलं. ती त्याला हळूच काहीतरी म्हणाली आणि यादवने मान खाली घातली. मी विचारलं काय म्हणाली, तर म्हणाला, काही नाही काका, पाणी पाहिजे का विचारलं.

त्याच्या हातात ग्लास होताच.

१६ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ५.

डबा जोरदार. सिरियलमध्ये सासू दार आपटते तेव्हा पलंग हलतो. गोळ्यांच्या बाटल्या चालत चालत टेबलाच्या काठापर्यंत आल्या. खालच्या मजल्यावरचे निकम वर आले, विचारत होते की बोअरिंग मारताय का. अतिशय खालच्या पातळीचा विनोद.

पण बोलणं? बोलणं अजूनही नाही. पाच स्पीकर, आणि नटी पाचही बाजूंनी पुटपुटते.

सुला आज साडेसातऐवजी चारलाच यशोदाबाईंकडे गेली. उशी घेऊन. म्हणजे मुक्काम लांबला. प्रगतीची दिशा उलटी आहे, हे मान्य करावं लागेल.

चहा: मोजत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.

यादव दुसरा सेट घेऊन आला. ट्वीटर मेलेला. तिसरा आणला. मेलेला. देशात एकही जिवंत ट्वीटर बनत नाही की काय! कंपन्यांचा वीट आलाय. ग्राहक मंचाला पत्र लिहिणार. मसुदा डोक्यात तयार आहे, फक्त बसून लिहायचा आहे.

स्नेहाने व्हिडिओ कॉल केला. स्पीकरवर, मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, बाबा, एकदा कान दाखवून घ्या ना.

कान? माझे?

ज्या ऑफिसात सगळे दिवसभर कानात बोळे घालून बसतात तिथली मुलगी मला सांगते! मी म्हणालो, तुझे दाखव. ती हसली नाही. सुला खिडकीतून बाहेर बघत होती.

सुलाची वाक्यं: तीन. "गोळी द्या." "राहू द्या." "जाते."

१ मार्च, शनिवार. दुपारी २.

यश! शेवटी जातिवंत वस्तू ती जातिवंत. विहाराचा अडीचशे वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उभे बॉक्स रिक्षात घालून घरी आणले. किल्ली माझ्याकडेच असते, कोणाला विचारायचा प्रश्न नाही. शिवाय तात्पुरते. बॉक्स छातीएवढे उंच. एक दारामागे, एक सुलाच्या खुर्चीच्या जागी. खुर्ची सध्या बाथरूमच्या दारात.

टीव्ही जोडला. आणि शब्द न् शब्द! कित्येक महिन्यांनी नटी माझ्याशी बोलली. सून निरागस आहे, जाऊबाई कपटी आहे, हे मला आज कळलं. मी उलट समजत होतो. डोळ्यांत पाणी आलं.

सुला नव्हती. तिला बोलवायला गेलो तर यशोदाबाईंच्या घरी वेगळाच प्रकार. त्यांनी त्यांचा टीव्ही म्यूट केला होता. चित्र त्यांचं, आवाज आमचा. यशोदाबाई मूळच्या दिंडोरीकडच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, भाऊ, लय भारी आवाज हाय, अख्ख्या बिल्डिंगला पुरतोय, आमची तर लाइटही वाचंल. बाई ओरडून बोलतात म्हणून मला त्यांचं सगळं कळतं. सुला तिथेच बसून राहिली.

म्हणजे माझाच आवाज ऐकते. फक्त दुसऱ्या घरात. अर्धं यश तरी आहे.

२ मार्च, रविवार. दुपारी १२.

घात. आज रविवार हे ध्यानातच नव्हतं. पावणेदहाला आठवलं. विहाराचा माइक माझ्या बेडरूममध्ये!

धावत गेलो. माफी मागायची तयारी केली होती, वाक्यंही ठरवली होती. जाऊन बघतो तर वंदना चालू. बिनमाइकची. लोक नेहमीसारखे भिंतीला टेकून लांब लांब बसले नव्हते. सरकून, गुडघ्याला गुडघा लावून पुढे बसले होते. पोरंसुद्धा. आणि सुला! वॉकर बाजूला ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीवर, पहिल्या ओळीत. ऑपरेशननंतर पहिल्यांदा विहारात आली होती, यशोदाबाईंचा हात धरून. मला सांगितलंही नाही. किंवा सांगितलं असेल.

तिचे ओठ हलताना दिसले. तिला सगळ्या गाथा पाठ आहेत. मी दारात चपलांजवळ उभा होतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. एवढ्या लोकांनी एवढं हळू म्हणणं बरं नव्हे.

संपल्यावर वाटलं, आता बोलणी बसणार. कसलं काय! पगारे सर म्हणाले, दोंदे, आज फार छान झालं, एकमेकांचा आवाज आला. पुढच्या रविवारीही असंच करू. चार जणांनी माना हलवल्या. सदतीस वर्षांची ही किंमत. तोंड कडू झालं. घरी येऊन चहा घेतला, तोही कडू.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९.

कमिटीचा निरोप. जयंतीला यंदा निवेदन निकिता करणार. कॉलेजची पोरगी! मला मार्गदर्शक म्हणून स्टेजवर बसवणार आहेत. मार्गदर्शक म्हणजे बोलायचं नाही असा माणूस. मला हल्लीच्या सगळ्याच गोष्टींचा तिटकारा आलाय.

अ‍ॅम्प्लिफायर आणि बॉक्स परत मागितले आहेत. शनिवारी देऊन आलो की कपाटाची किल्लीही पगारे सरांना द्यायची आहे. हे सुलाला सांगितलं. ती एक वाक्य बोलली असावी, पण पाठमोरी होती.

९ मार्च, रविवार. सायंकाळी ५.

विहारात गेलो नाही. डोकं दुखतं असं कळवलं.

चारला टीव्हीचा रिमोट सापडेना. सुलाला विचारायला यशोदाबाईंकडे गेलो. त्यांचं आतलं दार उघडं, बाहेरचं जाळीचं लावलेलं. जाळीतून आत बघितलं. टीव्ही बंद होता.

सुला बोलत होती. दोन्ही हात हलवत, मान वेळावत. कोणाची तरी नक्कल करत होती. खांदे उडवून छाती काढली, हातात अदृश्य काहीतरी धरून तोंडापाशी नेलं. यशोदाबाई पोट धरून हसत होत्या. सुलाही हसत होती, पदराने डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता बोलतच होती. मी सवयीने वाक्यं मोजायला गेलो. मोजता येईनात. एकातून दुसरं निघत होतं.

दहा मिनिटं तरी उभा होतो. मग तिचं लक्ष गेलं. ती बोलायची थांबली, चेहरा पुन्हा घरातल्यासारखा झाला. बोटाने खुणेने दाखवलं, रिमोट उशीखाली.

रिमोट उशीखालीच होता.

गोळ्यांचा परिणाम नव्हता तर. ती शांत झालेली नाही. फक्त माझ्याशी झाली आहे. मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार?

११ मार्च, मंगळवार. दुपारी ३.

कॅनडा कॉर्नरला कान तपासणीच्या दवाखान्यात गेलो. कान चांगले असल्याचा दाखला दुकानदाराच्या तोंडावर मारता यावा, एवढ्यासाठी.

तपासणाऱ्या तेजस्विनी मॅडम. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. पहिले दोन-तीन आले. मग काहीच येईना. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल, आपण मागे राहू नये. म्हणून अंदाजाने तीन-तीन सेकंदांनी दाबत राहिलो. मॅडम बाहेरून काचेवर टकटक करून म्हणाल्या, काका, मी अजून आवाज सोडलाच नाहीये.

कागदावर आलेख काढून दिला. सुरुवातीला इगतपुरीसारखा वर सपाट, आणि मग जो कसारा घाट उतरतो तो थेट खाली. म्हणाल्या, जाड आवाज येतात, बारीक गेलेत. बायकांचं, मुलांचं बोलणं म्हणून अस्पष्ट वाटतं. किती वर्षं मोठ्या आवाजाजवळ काम केलंत? मी म्हणालो, सदतीस. नेहमी हा आकडा मी ज्या आवाजात सांगतो त्या आवाजात नाही सांगितला.

म्हणजे एकही ट्वीटर मेलेला नव्हता.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ११.

कानाची मशीनं मिळाली. दोन्ही कानांत, राजम्याच्या दाण्याएवढी. आणि जग एकदम घाणेरडं झालं. पंखा करकरतो. पेपर उलटला की पत्रा वाजल्यासारखा. दुधाची पिशवी चुरचुरते. सगळ्यात किळसवाणा आवाज माझ्या स्वतःच्या खाण्याचा. पोहे खाताना मी एवढा आवाज करतो, आणि सुलाने एकतीस वर्षं हे ऐकलं.

पण मन प्रसन्न आहे. कारण सगळा उलगडा झाला. माझी काही चूक नव्हती! कानांची होती. सुला बोलायची, मला यायचं नाही, ती कंटाळली. साधा टेक्निकल फॉल्ट. फॉल्ट निघाला, विषय संपला.

उद्याचा बेत पक्का. डबा पलंगाखालून काढला, मागचे दोन स्पीकर सोडवले, तुळस खिडकीत परत, खुर्ची जागेवर. उद्या सुलाला समोर बसवून पहिल्यांदा माझं ९९ चं निवेदन लावायचं, व्हॉल्यूम फक्त चौदावर. मग सिरियल. मग गप्पा. जयंतीला अजून महिना आहे, मुदतीच्या आधीच काम फत्ते.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.५०.

सुला बसली. पेन ड्राइव्ह लावला. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. चांगला ओरडत होतो मी. माइक असून ओरडत होतो. पाहुण्यांचं स्वागत झालं, आवाज संपला. मी सवयीने रिमोट उचलला. सुलाने माझा हात धरला. म्हणाली, थांबा. आज पुढचं ऐका.

पुढे मंडपातली गडबड. खुर्च्या ओढल्याचा आवाज. एक पोर रडतंय. मग यशोदाबाई, पंचवीस वर्षांपूर्वीच्या, पण तशाच मोठ्याने. म्हणतात, सुला, पोरगी लय तापलीय गं, भाऊंना बोलव ना खाली. आणि मग सुला. बारीक, तरणा आवाज. मी विसरूनच गेलो होतो तो. म्हणते, चारदा सांगून आले स्टेजपाशी. यांना बोलायला माइक लागतो. ऐकायला काय लागतं, ते मला लग्नाला पाच वर्षं झाली तरी सापडलं नाही.

बायका हसतात. राखी इथे हसली होती, एम.जी. रोडचा मालकही. मग सुला म्हणते, चला, मीच नेते दवाखान्यात.

पोर रडत रडत लांब जातं. ती स्नेहा. दोन वर्षांची.

मला तो दिवस आठवतो. कार्यक्रम संपायच्या आधी बायको उठून गेली म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हा माझे कान शाबूत होते. पाचशे माणसांतून कोणत्या बॉक्सची वायर सैल आहे ते मला ऐकू येत होतं.

मी सुलाला म्हणालो, तू हे कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, पाचव्या वेळेला कोण सांगणार? रागाने नाही म्हणाली. भाजी संपली हे सांगावं तसं म्हणाली. घड्याळ बघितलं, वॉकर घेतला आणि निघाली. वॉकरच्या चार रबरी बुडांचा आवाज पॅसेजमधून ठक ठक करत गेला. अठरा ठोके. मग यशोदाबाईंची जाळी उघडली, मिटली. इतकं स्पष्ट मी वर्षानुवर्षं काही ऐकलं नव्हतं. मशीन चांगलं आहे.

२० मार्च, गुरुवार. रात्री ८.१५.

सव्वासातला सुला वॉकर घेऊन निघाली आणि दारात थांबली. म्हणाली, यायचं तर या. बोलायचं नाही.

गेलो. दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची मिळाली. यशोदाबाईंचा टीव्ही जुना, बत्तीस इंची, एक कोपरा हिरवट. व्हॉल्यूम अकरावर. सगळं कळलं. जाहिरातीत सुला आणि यशोदाबाई निकमांच्या सुनेबद्दल बोलल्या. त्या प्रकरणातली खरी माहिती मला होती आणि दोघींचंही चुकत होतं.

मी काही बोललो नाही.